उत्तर चुकले तरी यान उतरते तेव्हा

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी विज्ञान प्रदर्शनाची परीक्षक म्हणून गेले होते. शाळेच्या सभागृहात त्या दिवशी आणखी एक आकर्षण होते. एका खासगी कंपनीने काळ्या कापडाचा मोठा तंबू उभारला होता आणि आत ‘मंगळ मोहीम’ मांडली होती. सहा खुर्च्या, सहा पडदे, प्रत्येकाच्या कानांवर हेडफोन. उड्डाणाच्या वेळी खुर्ची थरथरते, मध्येच लाल दिवे लागतात, इंधनाची गळती होते, मुले पडद्यावर आलेली गणिते सोडवतात आणि पंधरा मिनिटांत यान मंगळावर उतरते. मुलांची रांग पार मैदानापर्यंत गेली होती. बाहेर पडणारे प्रत्येक मूल आनंदाने फुललेले दिसत होते. मुख्याध्यापक मला कौतुकाने म्हणाले, “बघा मॅडम, विज्ञान, गणित, भूगोल, इंग्रजी, सगळे विषय एकाच खेळात!”

मलाही ते पटू लागले होते. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, एक विचारू? मी इंधनाचा आकडा मुद्दाम चुकीचा टाकला. शून्य टाकलं. तरी यान उतरलंच कसं?”

मी तंबूतल्या तरुणाला तोच प्रश्न विचारला. तो मोकळेपणाने हसला. “उत्तर चुकलं तर गुण कमी होतात, मॅडम. पण यान उतरवावंच लागतं. नाहीतर मुलं नाराज होतात, आणि पुढची तुकडी खोळंबते.”

त्याच्या दृष्टीने त्याचे बरोबरच होते. पण त्या मुलीने जे शोधून काढले ते गंभीर आहे. तिचे गणित आणि यानाचे उतरणे यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. आज अशा मोहिमा, आभासी वास्तवाचे चष्मे, ‘अनुभवातून शिक्षण’ अशी पाटी लावलेले संच घेऊन विक्रेते शाळांच्या दारी येत आहेत. खरेदीचा निर्णय बहुधा संस्थेच्या बैठकीत होतो. तिथे विज्ञानाच्या शिक्षकाचे मत विचारले गेले, तर त्याने काय सांगावे? त्यासाठी ही कल्पना मुळात काय आहे, तिच्यात बळ कशाचे आहे आणि ती कुठे फसते, हे पाहू या.

एका शिक्षिकेच्या आठवणीतून

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही जण मृत्युमुखी पडले. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेतील शिक्षिका होती. ‘अवकाशातील शिक्षक’ या योजनेसाठी अकरा हजारांहून अधिक शिक्षकांनी अर्ज केले होते. त्यांतून तिची निवड झाली होती. ती विज्ञानाची नव्हे, सामाजिक शास्त्रांची शिक्षिका होती, हे आपण सहसा विसरतो. घोडागाड्यांतून पश्चिमेकडे गेलेल्या स्त्रियांनी जशा रोजनिश्या लिहिल्या, तशी आपल्या प्रवासाची रोजनिशी लिहायची असे तिने ठरवले होते. म्हणजे अवकाशप्रवासातून इतिहास आणि भाषा शिकवण्याची कल्पना मुळातच तिथे होती.

त्या सात जणांच्या कुटुंबीयांनी दगडी स्मारकाऐवजी शिक्षणाचे केंद्र उभारायचे ठरवले. पहिले ‘चॅलेंजर लर्निंग सेंटर’ १९८८ मध्ये ह्यूस्टन येथे सुरू झाले आणि पुढे अशी अनेक केंद्रे निघाली. त्यांची रचना साधी पण विचारपूर्वक केलेली आहे. दोन खोल्या असतात. एक पृथ्वीवरचा नियंत्रण कक्ष, दुसरी अवकाशयान. वर्गाचे दोन गट होतात आणि अर्ध्या वेळाने ते जागा बदलतात. प्रत्येक मुलाला एक काम मिळते. कोणी मार्गनिर्देशन पाहतो, कोणी यानातील हवा-पाणी, कोणी सहकाऱ्यांच्या नाडीचे ठोके मोजतो, तर कोणी बंद पेटीत हात घालून नमुने तपासतो. एका खोलीतले दुसऱ्या खोलीत कळवायचे तर ते संपर्क अधिकारी मुलामार्फतच.

१९९० मध्ये युटा राज्यातील प्लेझंट ग्रोव्ह येथे व्हिक्टर विल्यमसन या शिक्षकाने आपल्या प्राथमिक शाळेलाच जोडून क्रिस्टा मॅकऑलिफच्या नावाने एक अवकाश केंद्र सुरू केले. तिथे भर कथेवर होता. मुले यानाचे कप्तान आणि कर्मचारी बनतात, कथेत पेच येतो आणि तो त्यांनाच सोडवावा लागतो.

या दोन्ही प्रयोगांचे खरे बळ दिव्यांत किंवा पडद्यांत नाही. तिथे प्रत्येक मुलाजवळ अशी एक माहिती असते जी दुसऱ्या कोणाजवळ नसते, आणि ती वेळेत व नेमक्या शब्दांत पोचवली नाही तर दुसऱ्याचे काम अडते. आपल्या वर्गात चाळीस मुले एकच गणित सोडवतात. एकाने ते सोडवले नाही म्हणून कोणाचेही काही अडत नाही. मोहिमेत ते अडते. आपले उत्तर कोणाला तरी हवे आहे, ही जाणीव मुलाला एरवी शाळेत क्वचितच येते.

डोळे झाकणारा सिम्युलेटर

सिम्युलेटर म्हणजे खऱ्या यंत्राची किंवा परिस्थितीची अशी नक्कल, की आपण जे करू त्याचा परिणाम खऱ्यासारखाच व्हावा, फक्त जीव धोक्यात येऊ नये. या व्याख्येतला महत्त्वाचा शब्द ‘परिणाम’ हा आहे, ‘देखावा’ नव्हे. इतिहासातील दोन उदाहरणे पाहा.

एडविन लिंक या अमेरिकन तंत्रज्ञाने १९२९ मध्ये वैमानिकांच्या शिक्षणासाठी एक यंत्र तयार केले. लाकडी ठोकळ्यासारखे छोटे विमान, खाली हवेचे भाते. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकून गेले. ढगांत किंवा रात्री केवळ तबकड्यांवर विश्वास ठेवून विमान कसे चालवायचे, हे त्यात शिकवत. त्यासाठी वैमानिकाच्या डोक्यावर अपारदर्शक झाकण ओढून घेत. म्हणजे जगातील अत्यंत उपयोगी ठरलेल्या या सिम्युलेटरमध्ये बाहेरचे दृश्यच नव्हते! पण दांडा हलवला की ठोकळा कलत असे आणि तबकडीवरचा काटा त्याप्रमाणे सरकत असे. कृती आणि परिणाम यांची साखळी पक्की होती.

दुसरे उदाहरण अपोलो-११ चे. चंद्रावर उतरण्याच्या काही दिवस आधी, जुलै १९६९ च्या सुरुवातीला, ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात सराव चालू होता. सराव घेणाऱ्यांनी मुद्दाम यानाच्या संगणकावर एक अनोळखी धोक्याची सूचना दाखवली. मार्गदर्शन अधिकारी स्टीव्ह बेल्स याने उतरणे रद्द करण्याचा निर्णय दिला. सराव संपल्यावर सगळे बसले तेव्हा त्याला सांगण्यात आले की निर्णय चुकला. त्या सूचनेनंतरही उतरता आले असते. मग अशा सगळ्या सूचनांची यादी करून प्रत्येकीचा अर्थ लिहून काढण्याचे काम झाले. ते जॅक गार्मन या तरुण अभियंत्याकडे होते. २० जुलैला खरे यान उतरत असताना ‘१२०२’ ही सूचना लागली. गार्मनने यादीकडे पाहिले, बेल्सने ‘पुढे चला’ असा निर्णय दिला आणि यान उतरले. त्या वेळी बेल्स २६ वर्षांचा होता आणि गार्मन २४.

चंद्रावरचे ते उतरणे आधीच्या एका फसलेल्या सरावावर उभे होते. त्या सरावात चूक होऊ दिली गेली, चुकीचा परिणाम दाखवला गेला आणि नंतर शांतपणे तिची चर्चा झाली. आमच्या तंबूतल्या तरुणाने यापैकी एकही गोष्ट होऊ दिली नव्हती.

कुठे फसते?

या मापाने शालेय मोहिमांकडे पाहिले, तर तीन ठिकाणी त्या कच्च्या वाटतात.

पहिली गोष्ट त्या मुलीनेच दाखवली. केंद्र चालवणाऱ्यावर मोहीम यशस्वी करण्याचे दडपण असते. मुले लांबून येतात, पैसे भरतात, वर्षातून एकदाच येतात. त्यांना अपयश देऊन परत कसे पाठवायचे? मग संकट ठरलेल्या वेळी येते, ठरलेल्या वेळी टळते, आणि मुलाचे उत्तर हे नाटकातल्या एखाद्या वाक्यासारखे होते. ते कसेही म्हटले तरी पडदा पडायचा तेव्हाच पडतो. चाणाक्ष मुलांच्या हे लवकर लक्षात येते. त्यातून ती जे शिकतात ते न शिकलेलेच बरे: आकडा कोणताही टाका, मोठी माणसे सांभाळून घेतात.

दुसरी गोष्ट ‘सगळे विषय एकत्र’ या दाव्याची. नाडी मोजणारे मूल दोन तास नाडीच मोजते. मार्ग काढणारे कोन आणि अंतरेच पाहते. विषय एकत्र येतात ते खोलीत; मुलाच्या डोक्यात ते आपोआप येत नाहीत. दोन खोल्यांची अदलाबदल हा त्यावरचा अर्धा उपाय झाला. उरलेला अर्धा म्हणजे नंतरची चर्चा: कोणाला काय ठाऊक होते, कोणी कोणाला काय सांगितले, कुठे अडले. गर्दीच्या प्रदर्शनात किंवा घाईच्या सहलीत नेमकी हीच गोष्ट गळते. मुले बसकडे पळतात आणि मोहीम तिथेच संपते.

तिसरी गोष्ट अलीकडची आहे. डोळ्यांवर चष्मा चढवला की मूल मंगळाच्या दरीत उभे राहते. दृश्य अप्रतिम असते, यात शंका नाही. पेशीच्या आतला भाग किंवा ज्वालामुखीचे विवर दाखवायला ते चांगले साधन आहे. पण चष्म्यातले मूल एकटे असते. त्याला शेजारच्याचा चेहरा दिसत नाही आणि त्याच्याजवळ कोणाला हवी असलेली माहितीही नसते. अनुभवात बुडून जाणे म्हणजे चारी बाजूंनी चित्र असणे, असा समज यातून पसरतो आहे. लिंकच्या झाकणाखाली बसलेल्या वैमानिकाला काहीच दिसत नव्हते, तरी तो पुरता बुडालेला होता, कारण विमान त्याच्या हातात होते.

यानाशिवाय मोहीम

अंतराळयानच हवे असेही नाही. वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंग येथील चॅलेंजर केंद्राने ‘ऑपरेशन माँटसेरात’ नावाची मोहीम तयार केली. तिच्यात मुले आपल्याच शाळेत बसतात आणि केंद्राशी दूरदृश्य यंत्रणेने जोडली जातात. माँटसेरात हे कॅरिबियन समुद्रातील छोटे बेट. तेथील सूफ्रिएर हिल्स ज्वालामुखी जुलै १९९५ मध्ये जागा झाला. जून १९९७ मध्ये १९ जणांचा बळी गेला, राजधानी प्लिमथ राखेखाली गेली आणि बेटाचा दक्षिण भाग सोडून द्यावा लागला. मोहिमेत ज्वालामुखी धुमसत असतानाच बेटाकडे समुद्री वादळही येत असते. एक गट भूकंपाच्या नोंदी पाहतो, दुसरा वादळाचे अंतर काढतो, तिसरा लोकांना हलवण्याचा बेत करतो, चौथा निरोप पोचवतो. साधने म्हणजे कागद, नकाशा, आकडे.

हे वाचल्यावर मला आपला किनारा आठवला. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा अनेक शाळांचीच छपरे उडाली. मग त्याच धर्तीवर एक मोहीम मी दोन शाळांत करून पाहिली. आकडे माझे, कल्पित आहेत. पण शून्य खर्चात परिणामांची साखळी कशी बांधता येते, हे त्यावरून दिसेल.

वर्गाचे चार गट: हवामान, बंदर, वाहतूक, संपर्क. हवामान व संपर्क हे गट वर्गात, बाकीचे दोन व्हरांड्यात. प्रत्येकाला एक बंद पाकीट. गटांनी एकमेकांशी बोलायचे नाही. संपर्क गटाच्या चिठ्ठीतूनच निरोप जाईल. घड्याळातली दोन मिनिटे म्हणजे मोहिमेतला एक तास. हवामान गटाच्या पाकिटात: वादळ २४० किलोमीटरवर, वेग ताशी १२ किलोमीटर. बंदराच्या पाकिटात: होड्या ९० किलोमीटर आत, वेग ताशी १०. वाहतुकीच्या पाकिटात: वस्ती १२०० माणसांची, एसटीच्या तीन गाड्या, एका गाडीत ४५ माणसे, जाऊन येऊन दीड तास.

मुले हिशेब करतात. वादळाला २० तास लागतील. होड्यांना परत यायला ९ तास. गाड्या एका खेपेत १३५ माणसे नेतात, म्हणजे ९ खेपा, साडेतेरा तास. “वेळ भरपूर आहे,” असे म्हणून पहिल्या शाळेतल्या वर्गाने आधी कोणाला हलवायचे यावर वाद घातला आणि मोहिमेचे दोन तास घालवले. पाचव्या तासाला मी हवामान गटाला नवी चिठ्ठी दिली: वादळाचा वेग ताशी २० झाला आहे. तोवर वादळ ६० किलोमीटर पुढे आले होते. उरले १८०, म्हणजे आणखी फक्त ९ तास. एकूण वेळ २० ऐवजी १४ तासांचाच ठरला. पहिल्या क्षणी गाड्या सोडल्या असत्या, तर साडेतेरा तासांत सगळे सुटले असते. दोन तास उशिरा निघालेल्या गाड्यांच्या आठच खेपा होतात. १०८० माणसे सुटली, १२० मागे राहिली.

मी यान उतरवले नाही. फळ्यावर १२० हा आकडा लिहिला आणि गप्प राहिले. वर्ग असा शांत झालेला मी क्वचितच पाहिला असेल. मग एक मुलगा म्हणाला, “मॅडम, परत खेळूया.” मी म्हटले, “खेळू. पण आधी सांगा, चूक कुठे झाली?” गणितात चूक नव्हती. सगळी उत्तरे बरोबर होती. चूक होती ती ‘वेग बदलणार नाही’ असे न सांगता गृहीत धरण्यात. हे मी पुस्तकातून शिकवले असते, तर किती जणांच्या लक्षात राहिले असते?

दुसऱ्या शाळेत गाड्या वेळेवर निघाल्या, पण होड्या बुडाल्या. हवामान गटाने पहिल्याच तासात चिठ्ठी दिली होती: “होड्या लवकर परत आणा.” बंदर गटाने ‘लवकर’ म्हणजे संध्याकाळपर्यंत असा अर्थ लावला. पाचव्या तासापर्यंत निघाल्या असत्या तरच होड्या चौदाव्या तासाला किनारा गाठू शकत होत्या. त्या दिवशी मराठीच्या बाई मागे उभ्या राहून पाहत होत्या. पुढच्या तासाला त्यांनी निबंध बाजूला ठेवला आणि मुलांकडून तीच चिठ्ठी पुन्हा लिहून घेतली: कोणी, कुठून, किती वाजता, का. विषय एकत्र आले ते असे. एका विषयातली ढिलाई दुसऱ्या विषयात महागात पडली तेव्हा.

चर्चेत एका मुलीने माझीही चूक काढली. वादळाचा मध्य येण्याआधीच वारे सुटतात, मग शेवटच्या खेपेची गाडी रस्त्यावर चालेल कशी? तिचे बरोबर होते. माझी मांडणी फारच सोपी होती, वाऱ्यांचा हिशेब तिच्यात नव्हता. सिम्युलेटर कितीही भारी असला तरी तो वास्तवाची अपुरी नक्कलच असतो. त्यात काय सोडून दिले आहे, हे मुलांनी विचारणे हे विज्ञानशिक्षणाचे मोठे यश मानायला हवे. तंबूत तसे विचारायला जागाच नव्हती.

एक सावधगिरी मात्र सांगते. ज्या मुलांनी खरे वादळ भोगले आहे, त्यांच्यापुढे ही मोहीम मांडू नये. तिथे दुष्काळातले टँकर, धरणाचे दरवाजे किंवा अंतराळयान घ्यावे. आणि अंधार, गणवेश, आवाज यांना मी नावे ठेवत नाही. वातावरणाने मुले गंभीर होतात, लाजाळू मूलही ‘अधिकारी’ म्हणून बोलू लागते. ते परवडत असेल तर जरूर घ्यावे. पण ते जेवणातले मीठ आहे. मिठाचे जेवण होत नाही.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न

पुढच्या वेळी असा संच शाळेत आला, तर शिक्षकांनी चार प्रश्न विचारावेत. मुलाने चुकीचे उत्तर दिले तर मोहिमेत नेमके काय बदलते? एका मुलाजवळची माहिती दुसऱ्याला मिळाल्याशिवाय मोहीम अडते का? संपल्यावर निदान तेवढाच वेळ चर्चेला ठेवला आहे का, आणि ती चर्चा वर्गाचा शिक्षक घेणार की कंपनीचा माणूस? तीच मोहीम आपली चूक कळल्यावर मुलांना पुन्हा करता येते का? उत्तरे समाधानकारक असतील तर पैसे वसूल होतील. नसतील तर मुलांना जत्रेतल्या पाळण्याचा आनंद मिळेल. तोही वाईट नाही, पण त्यासाठी प्रयोगशाळेचा निधी वापरू नये.

त्या सातवीतल्या मुलीला मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकले नाही. “चांगला प्रश्न आहे,” एवढेच म्हणाले आणि परीक्षणाच्या कागदांकडे वळले. प्रदर्शनातल्या एकाही प्रयोगात तिच्याइतका नेटका प्रयोग नव्हता. तिने एक घटक बदलला, बाकी सगळे तसेच ठेवले आणि परिणाम तपासला. यंत्र आपले ऐकते आहे की नुसती बतावणी करते आहे, याची तिने परीक्षा घेतली होती. बक्षीस मात्र त्या दिवशी मी ज्वालामुखीच्या प्रतिकृतीला देऊन आले.